माझ्या वाट्याचा रोट

राहेलअक्का. तुझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी हेच नाव घेतो, आईच्याही आधी. लग्नात घेतलं, शाळेच्या कार्यक्रमात घेतलं, उपदेश करताना तर कितीदा. पण त्या नावाला जोडून जे सांगायला हवं होतं ते मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी ते गुळमुळीत करत आलो — प्रभू, माझ्या चुका पोटात घाल — जणू चुकांची एक मोठी पिशवी आहे आणि ही त्यात तळाशी कुठंतरी पडली आहे. ती तळाशी नव्हती. ती सगळ्यात वर होती, आणि पिशवी उघडायचीच मी टाळत होतो.

आज तुम्हाला सांगतो आहे. थोडा थांबत थांबत सांगेन. जमेल तसं.

मी साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला. आमच्या पाड्यावर चार-पाच घरं ख्रिस्ती, बाकीची नाहीत, आणि ऊसतोडीला गुजरातेत जाताना सगळी एकाच ट्रकमध्ये बसायची. शाळा म्हणजे काय हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. राहेलअक्का बायबलबाई होत्या, म्हणजे गावोगाव पायी फिरून बायकांना आणि मुलांना वचनं शिकवणाऱ्या. त्या आमच्याकडे यायच्या तेव्हा त्यांच्या झोळीत येशूच्या गोष्टींची चित्रं असायची आणि तळाला पाटी-पेन्सिल. बाप तापानं गेला त्या वर्षी त्यांनी आईला विचारलं, "ह्याला मी देवपूरला नेऊ का?" आई म्हणाली, "न्या." एवढंच. धुळ्यात पांझरेपलीकडं देवपूरच्या मिशनच्या वसतिगृहात मी आधी आठ दिवस रडलो आणि मग दहा वर्षं राहिलो. कॉलेजला गेल्यावर वसतिगृह सोडावं लागलं, तेव्हा अक्कांनी आपल्या दोन खोल्यांतली एक मला दिली. मी रात्री वाचत बसलो की त्या पलीकडून म्हणायच्या, "शमू, ते पुस्तक तुला खाऊन टाकेल, झोप आता." आमच्या पाड्यावरचा पहिला पदवीधर मी. हे सगळं त्यांचं.

आता तुम्ही म्हणाल, मग कबुली कसली? सांगतो.

अक्का जन्मानं ख्रिस्ती नव्हत्या. धुळ्यापासून एसटीनं तासाभरावरच्या एका गावातल्या शेतकरी घरातल्या त्या. माहेरचं नाव सुपडी. तरुणपणी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि राहेल झाल्या. लग्न केलं नाही. बापानं घरचं दार बंद केलं, आणि बाप गेल्यावर थोरल्या भावानं, आधारनानांनी, ते बंदच ठेवलं.

खानदेशातल्या लोकांना कानबाई सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात एका रविवारी घराघरात कानबाई देवी बसते, सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. त्या सणाला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात. अक्कांच्या माहेरी रोटाचे गहू माणसागणिक घ्यायची रीत होती; घरात जितकी माणसं, तितक्यांच्या नावानं. आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे. शेजारी कितीही जवळचा असो, त्याला खीर मिळेल, गंगाफळाची भाजी मिळेल, रोट नाही. लेक लग्न होऊन गेली की ती दुसऱ्या कुळाची, तिलाही नाही. अक्कांचं लग्नच झालं नव्हतं. कुळ बदललं नव्हतं, पण देव बदलला होता. बाप्तिस्म्याच्या वर्षापासून त्यांच्या नावाचे गहू घेणं बंद झालं. हे त्यांनी मला एकदा भाकरी थापता थापता सांगितलं होतं. आवाज अगदी साधा होता. भाकरी मात्र तव्यावर करपली.

मी बी.एड. झालो त्या वर्षी श्रावणात अक्कांच्या भाच्याचा निरोप आला. आधारनानांचा पाय साखरेच्या आजारानं कापावा लागला होता. ते खाटेवर होते. निरोप एवढाच होता की यंदा सुपडीच्या नावाचे गहू घेतले आहेत.

त्या रविवारी अक्कांकडे शब्बाथशाळा होती, मुलांचा बायबलचा वर्ग. चुकवणं त्यांना माहीत नव्हतं. सकाळी त्या मंदिरात गेल्या (चर्चला आम्ही मंदिरच म्हणतो), मुलांची चित्रं पुढच्या मेजावर ठेवली, दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, "आज तुम्ही घ्या. मी आधी भावाकडे जाऊन येते." आणि मला म्हणाल्या, "चल रे, मला एकटीनं त्या दारात उभं राहवणार नाही."

मी गेलो. हे लक्षात ठेवा. मी बरोबर होतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती. अक्का उंबऱ्याशी थांबल्या. आतून खाटेवरून आवाज आला, "ये वं सुपडे. भायेर का उभी? घर इसरी गयी का?" त्या आत गेल्या, त्यांच्या मागे मी. नानांनी बहिणीकडं पाहिलं आणि म्हणाले, "म्हतारी व्हई गयी तू." अक्का म्हणाल्या, "आन तू का जवान शे?" घरातल्या बायका हसल्या. मग दोघंही हसले, आणि मग हसायचं थांबून दोघंही रडले. मी भिंतीकडं बघत राहिलो.

पानं मांडली. नानांनी खाटेवरूनच आपल्या हातानं रोट अक्कांच्या पानात वाढला. अक्कांनी देवीपुढं हात जोडले नव्हते आणि कुणी जोडायला सांगितलेही नव्हते. त्या पानावर थबकल्या. नानांना कळलं. ते म्हणाले, "तुना देवले काय सांगनं ते सांगी ले. आमी थांबतस." सगळं घर थांबलं. अक्कांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना केली — अहिराणीत. मी त्यांना नेहमी पुस्तकी मराठीत प्रार्थना करताना ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा माहेरच्या बोलीत. "प्रभू, मना भाऊनी माले घरमा लिधं. आते तू बी ह्या घरमा बठ." येशूच्या नावानं आमेन म्हणाल्या. आणि जेवल्या.

मला खीर आणि भाजी वाढली होती. बरोबरच होतं, मी कुणाचा कोण? नानांनी माझ्याकडं बघून विचारलं, "हाऊ कोन?" अक्का म्हणाल्या, "मना पोर शे." नानांनी आपल्या पानातला रोट मोडला आणि अर्धा माझ्यापुढं धरला. एक म्हातारी चुलती काहीतरी पुटपुटली. नाना म्हणाले, "तिना पोर, मंग आमनाच शे. खाय रे भो."

मी खाल्ला.

जन्माला येऊन मला कुणी इतकं आपलं म्हटलं नव्हतं. वसतिगृहात आपलं म्हणत, पण तिथं आपण सगळेच एकमेकांचे असतो. इथं एका माणसानं आपल्या वाट्यातलं, आपल्या कुळाची रीत मोडून, मला दिलं होतं. परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसून गाणं गुणगुणत होत्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

त्या गावच्या शाळेवर आमच्याच मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक गुरुजी होते. दोन आठवड्यांत गोष्ट देवपूरला पोहोचली. बायबलबाईनं रविवारची उपासना सोडली, कानबाईला गेली, प्रसाद खाल्ला. मंडळीच्या पंचांनी अक्कांना बोलावलं, आणि साक्षीला मला.

इथं मला तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सबब म्हणून वाचू नका. त्याच महिन्यात आमच्या मंडळीच्या शाळेत शिक्षकाची जागा निघाली होती. पंचांचे प्रमुख तेच शाळेच्या समितीचे प्रमुख. मला कुणी धमकावलं नाही. कुणी सुचवलंसुद्धा नाही. सगळा हिशेब मी एकट्यानं केला, बाकावर बसल्या बसल्या, माझी पाळी येईपर्यंत.

अक्कांनी सरळ सांगितलं. गेले होते. भावानं वाढलं ते खाल्लं. देवीपुढं हात जोडले नाहीत. प्रभूच्या नावानं प्रार्थना करून जेवले. पंचांपैकी दोघांचे चेहरे मऊ झाले, मी पाहिलं. पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना करून जेवल्या असतील तर गोष्ट वेगळी. शमुवेल, तू सोबत होतास. तू प्रार्थना ऐकलीस?"

मी म्हणालो, "मी बाहेर ओट्यावर होतो."

"आत गेला नाहीस?"

"नाही."

"काही ऐकलं नाहीस? काही खाल्लं नाहीस?"

"नाही."

तीन उत्तरं. माझ्या तोंडून ती किती सहज गेली हे मला आजही समजत नाही. मी खोटं बोलणारा मुलगा नव्हतो. की होतो, आणि तोवर वेळ आली नव्हती?

पण थांबा, अजून आहे. तुम्हाला वाटेल हीच कबुली. हिच्यासाठी एवढी वर्षं तोंड बंद ठेवायची गरज नव्हती. भित्रा होतो असं सांगून मोकळा झालो असतो. जे मला सांगवत नाही ते पुढचं आहे.

पाळकसाहेब अक्कांकडं वळले. "बाई, तुम्ही तर म्हणता मुलगा शेजारी बसला होता." खरंच, थोड्या वेळापूर्वी त्या तसं म्हणाल्या होत्या. सगळे त्यांच्याकडं बघू लागले. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मला ताप आल्यावर त्या कपाळाला हात लावून बघायच्या, तसं पाहिलं. आणि म्हणाल्या, "बाहेरच असेल तो. माझीच काहीतरी चूक झाली."

जिनं मला खोटं बोलू नये हे शिकवलं, तिला मी मंदिरात, पंचांसमोर, खोटं बोलायला लावलं. माझ्यासाठी. आणि त्या खोट्यानं तिचं खरंही खोटं ठरलं. एकीकडं चुकलेली, मग दुसरीकडंही चुकलेली असणार. प्रार्थना केली म्हणते तेही असंच. लोकांनी असा अर्थ लावला. दुसरा कसा लावणार होते?

प्रभूच्या मेजाला, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर घ्यायला, त्यांना मनाई झाली. बायबलबाईचं काम गेलं, शब्बाथशाळा गेली. पश्चात्ताप झाला असं मंडळीसमोर म्हटलं की मनाई उठेल, असं ठरलं. अक्का म्हणाल्या, "भावाच्या हातचं खाल्लं त्याचा पश्चात्ताप मी आणू कुठून?" आणि त्यांनी तो आणला नाही. त्या दर रविवारी मंदिरात येतात, मागच्या बाकावर बसतात, भाकरीचं ताट आलं की शेजारच्याकडं सरकवतात. साड्यांना फॉल-पिको करून पोट भरतात. पाळक बदलले, पंच बदलले, आणि ती मनाई उठवायची कुणाला आठवणच राहिली नाही.

मला नोकरी मिळाली. पुढं जळगावला बदलून आलो, लग्न झालं, इथल्या मंडळीत उपदेश करू लागलो. नाताळला दरवर्षी अक्कांकडं जातो. त्या माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणतात, "मास्तर झालास, आता तरी केस विंचरत जा." त्या दिवसाबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. मला पुष्कळदा वाटायचं, विसरल्या असतील. सोयीचं होतं, म्हणून वाटायचं.

यंदा हंगामाच्या सणाला मला उपदेश करायचा होता. तुम्ही आमच्याकडचा हंगाम पाहिला नसेल तर सांगतो. लोक शेतातलं पहिलं पीक आणून वेदीपाशी ठेवतात. इथं केळीचे घड दाराच्या दोन्ही बाजूंना बांधतात, कापसाची बोंडं, दादर ज्वारीची कणसं, एखादी पाय बांधलेली कोंबडी उपदेशाच्या मध्येच ओरडते. उपासना संपली की त्याचा लिलाव. त्या दिवसासाठी वचन ठरलेलंच असल्यासारखं आहे, मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं. माझ्या शब्दांत सांगायचं तर प्रभू म्हणतो: तू वेदीशी अर्पण घेऊन आलास, आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच राहू दे. आधी जा, भावाशी समेट कर. मग ये.

मी हे वचन वर्षानुवर्षं सांगत आलो. काय सांगायचो? कुणी तुम्हाला दुखवलं असेल तर मन मोठं करा, क्षमा करा, मग अर्पण आणा. लोकांना आवडायचं. आपल्याला दुखवणारी माणसं सगळ्यांच्याच डोळ्यांपुढं लगेच येतात.

आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभा राहून उपदेश म्हणून बघत होतो. बायको, मार्था, मेथी निवडत होती. ती म्हणाली, "वचन परत वाच." मी वाचलं. "मग ह्यात क्षमा कर कुठं म्हटलंय? ज्याचं मन दुखलं त्याला उठायला सांगितलेलं नाही. ज्यानं दुखवलं त्याला सांगितलंय. तू इतकी वर्षं उलटंच सांगतोस की रे!" आणि हसून म्हणाली, "बघ हं, उद्या अर्धं मंदिर रिकामं होईल. पहिला तूच उठायचास."

तिला काही माहीत नव्हतं. ती परत मेथीकडं वळली.

मला त्या रात्री एक-एक करून दिसत गेलं. प्रभूला आपल्या अर्पणाची घाई नाही, तो थांबतो. त्याला आधी भाऊ हवा आहे. आणि हे वचन आमच्या मंडळीत खरोखर पाळलेलं मी एकदाच पाहिलं होतं — एका बाईनं मुलांची चित्रं वेदीपुढच्या मेजावर ठेवली, आणि आधी भावाकडे जाऊन येते म्हणाली. जिनं पाळलं तिला आम्ही मेजावरून उठवलं. ज्यानं मोडलं त्याला व्यासपीठ दिलं. आपण ख्रिस्ती लोक वचन पाठ करतो, भिंतीवर लावतो, एकमेकांना पाठवतो. पण ते कुणाला उद्देशून आहे हे बघताना आपली नजर शेजारच्या बाकावर जाते. माझी गेली. इतकी वर्षं.

मग रविवारी मी काय केलं? तुम्हाला वाटेल, उठून गेलो. नाही. मी केळीचा घड वेदीपाशी ठेवला, आणि जुनाच उपदेश केला. मन मोठं करा. क्षमा करा. लोक आमेन म्हणाले. मार्था बायकांच्या बाजूला बसून माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. त्या दिवशी प्रभुभोजनही होतं. ताट माझ्यापुढं आलं. मी घेतलं.

दुपारी घरी आल्यावर मी कागद काढला. मी मार्थाला सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणालो की अक्कांना लिहायचं आहे. वचन लिही म्हणत नाही, जा म्हणतं — हेही मला माहीत आहे. लिहिलं कारण समोर गेलो असतो तर त्यांनी मला बोलू दिलं नसतं. टपली मारली असती आणि चहा टाकला असता. सोमवारी पत्र टाकलं. जसं पाठवलं तसं खाली देतो.

*

राहेलअक्कांना,
शमूचा सलाम.

पंचांसमोर मी सांगितलं की मी बाहेर ओट्यावर होतो. ते खोटं होतं हे तुम्हाला माहीत आहे. मला फक्त एवढंच सांगायचं आहे की मलाही ते माहीत होतं, बोलताना आणि त्यानंतर रोज. मी विसरलो नव्हतो. तुम्ही विसरला असाल असं मी धरून चाललो होतो.

मी तुमची प्रार्थना ऐकली. नानांनी दिलेला रोट मी खाल्ला. तुम्ही मला तुमचा मुलगा म्हणालात म्हणून त्यांनी तो दिला, आणि मी नोकरीसाठी त्या घरात पाऊलच टाकलं नाही असं सांगितलं. मला कुणी भाग पाडलं नव्हतं.

मग तुम्ही माझ्यासाठी चूक पत्करली. ती चूक तुमची नव्हती. ती माझी होती. त्यामुळं तुमचं खरं कुणी खरं मानलं नाही. तुम्ही ताट पुढं सरकवत होतात त्या सगळ्या रविवारी मी ते घेत होतो. ह्या रविवारीही घेतलं. आता घेणार नाही, आणि इथल्या मंडळीत उपदेशही करणार नाही.

नाना आता राहिले नाहीत. त्यांच्या मुलाला मी वेगळं लिहिलं आहे. त्यांनी ज्याला आपला म्हटलं तो काय बोलला हे त्यांच्या घराला कळलं पाहिजे.

येत्या रविवारी मी देवपूरला येतो आहे. तिथल्या पाळकांना फोन करून सांगितलं आहे की प्रभुभोजनाआधी मला मंडळीसमोर बोलायचं आहे. ते हो म्हणाले. तुम्ही यायलाच हवं असं नाही. आलात तर माझ्याशी बोलायलाच हवं असंही नाही. माझी बाजू सावरायला मात्र उठू नका.

ह्या पत्राला उत्तर नको. क्षमा मागत नाही. ती देणं तुम्हाला सोपं जाईल, म्हणूनच मागत नाही. तिथं उभं राहून मी प्रार्थनेपासून किंवा वचनापासून सुरुवात करणार नाही. पहिलं वाक्य एवढंच असेल की मी आत होतो.

शमुवेल